बारसं स्वस्त, नावबदल महाग

ऑफिसातले चॅनेल, टीम आणि सामायिक फोल्डर यांना नावं देण्याचा खर्च किती? कुठे पैसे वाचतात आणि कुठे उगाच जातात? एक हिशेब.

टाइल्सचा टेम्पो दारात उभा होता आणि मिस्त्री फोनवर विचारत होता, "साहेब, दोन बाय दोन ठरल्या होत्या ना? या मोठ्या आल्यात." तेव्हा मी पुण्यातल्या एका इंटिरिअरच्या ऑफिसात ऑर्डरी पाहायचो. आमच्या सामायिक ड्राइव्हवर तीन फोल्डर होते: 'कोथरूड', 'कोथरुड नवीन' आणि 'कोथरूड फायनल'. दोहोंत रू दीर्घ, एकात ऱ्हस्व. आणि 'फायनल' होतं ते आदल्या वर्षीच्या, भलत्याच दवाखान्याचं. नुकत्याच लागलेल्या मुलाने शेवटच्या नावावर विश्वास ठेवला आणि त्यातली यादी दुकानदाराला पाठवली. टेम्पोचं भाडं दोनदा गेलं, हमाली दोनदा गेली, माल परत घेताना दुकानदाराने कापले ते पैसे वेगळे. सगळ्यांनी त्या मुलाला नावं ठेवली. फोल्डरला नाव ठेवणाऱ्याला मात्र कुणी काही बोललं नाही, कारण तो कोण हेच कुणाला आठवत नव्हतं.

स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गूगलचे शेअर्ड ड्राइव्ह, झोहो क्लिक आणि आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. नवी जागा उघडताना सॉफ्टवेअर फक्त नाव विचारतं आणि आपण घाईत काहीतरी टाइप करून मोकळे होतो. त्या क्षणी नाव फुकट असतं. पुढे त्यावर लिंका, ई-मेल, सवयी आणि गैरसमज चढत जातात आणि तेच नाव बदलायला पैसे पडतात. या लेखात त्या पैशांचा हिशेब मांडला आहे.

(उदाहरणातली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती कोणत्या लिपीत ठेवावीत, हे पुढे येईलच.)

आधी आपला तोटा मोजा

कुठलंही लायसन्स घेण्याआधी तीन दिवस एक साधा प्रयोग करा. ऑफिसातल्या पाच जणांना कागदाचा चिटोरा द्या. 'ते कुठे ठेवलंय?' असं विचारण्यात, शोधण्यात किंवा चुकीच्या ग्रुपवर टाकलेलं पुन्हा योग्य जागी टाकण्यात किती मिनिटं गेली, तेवढंच त्यांनी त्यावर लिहायचं. सरासरी काढा आणि पुढच्या हिशेबात आपला आकडा घाला.

उदाहरणापुरतं धरू की ऑफिसात 40 माणसं आहेत आणि पगार सरासरी 40,000 रुपये. महिन्याचे 25 दिवस, रोजचे 8 तास, म्हणजे 200 तास. एका तासाचे 200 रुपये. प्रत्येकाची रोज फक्त 3 मिनिटं शोधाशोधीत गेली, तर सगळ्यांची मिळून 120 मिनिटं होतात. दिवसाला 400 रुपये, महिन्याला 10,000. टेम्पोचं दुहेरी भाडं यात धरलेलं नाही.

तुमचा आकडा महिन्याला हजार रुपयांच्या आत आला, तर हा लेख इथेच ठेवा आणि कामाला लागा. तुमच्याकडे नावांचा प्रश्न नाही. त्याच्या वर गेला, तर पुढे वाचा.

नाव कुठे कुठे जाऊन बसतं

खर्च समजून घ्यायचा तर दिलेलं नाव आत कुठे चिकटतं ते बघावं लागतं. प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी आहे.

स्लॅक: चॅनेलचं नाव जास्तीत जास्त 80 अक्षरांचं. रोमन मोठी अक्षरं चालत नाहीत, मोकळी जागा चालत नाही. जोडरेघ आणि अधोरेघ चालते. एकाच नावाची दोन चॅनेल काढता येत नाहीत, आणि हा फायदाच आहे. चॅनेलच्या लिंकमध्ये नाव नसून एक सांकेतिक क्रमांक असतो, म्हणून नाव बदललं तरी जुन्या लिंका चालू राहतात. मात्र एखादा बॉट कुणी चॅनेलचं नाव लिहून जोडला असेल, तर तो तपासावा लागतो. थोडक्यात, स्लॅकमध्ये नावबदल स्वस्त आहे. मोफत योजना वापरत असाल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: 90 दिवसांमागचे निरोप दिसत नाहीत. तिथे मागच्या वर्षीची चॅनेल नीट लावत बसण्यात वेळ घालवू नका.

मायक्रोसॉफ्ट टीम्स: खरी गोम इथे आहे. एक टीम उघडली की पाठीमागे एक ग्रुप, त्याचा ई-मेल पत्ता आणि शेअरपॉइंटची एक साइट तयार होते. साइटचा पत्ता पहिल्या दिवशीच्या नावावरून ठरतो. सहा महिन्यांनी टीमचं नाव बदललं, तर समोर दिसणारं नाव बदलतं. साइटचा पत्ता आणि ई-मेल पत्ता जुनाच राहतो. घाईत कुणी 'टेस्ट' नावाने टीम उघडली आणि तीच पुढे लेखा विभागाची झाली, तर ऑडिटरला जाणाऱ्या प्रत्येक लिंकमध्ये 'टेस्ट' दिसत राहणार. भरीला, टीम्समध्ये एकाच नावाच्या दोन टीम बिनदिक्कत उघडता येतात. 'हे आधीच आहे' असं म्हणून सॉफ्टवेअर अडवत नाही.

साइटचा पत्ता शेअरपॉइंटच्या अ‍ॅडमिनला बदलता येतो आणि जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नव्यावर पोचतोही. पण त्या पत्त्यावर आधारलेली स्वयंचलित कामं, म्हणजे पॉवर ऑटोमेटमधले फ्लो वगैरे, एकेक करून तपासावी लागतात. अ‍ॅडमिनचा अर्धा दिवस इथेच जातो.

गूगलचे शेअर्ड ड्राइव्ह: फाइल आणि फोल्डरची लिंक क्रमांकावर चालते, त्यामुळे नाव बदलल्याने लिंक तुटत नाही. पण एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात. आमचे तीन कोथरूड जवळजवळ असेच नांदत होते. एक चूक मात्र महागात पडते. सामायिक काम एखाद्याच्या वैयक्तिक 'माय ड्राइव्ह'मध्ये 'स्नेहल-शेअर' अशा नावाने ठेवलं जातं. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइलींची मालकी संस्थेकडे असते, वैयक्तिक ड्राइव्हमधल्या फाइलींची त्या माणसाकडे. फोल्डरच्या नावात माणूस दिसला की आधी मालकी तपासा.

व्हॉट्सअ‍ॅप: ग्रुपचं नाव 100 अक्षरांपर्यंत ठेवता येतं, खर्च शून्य. पण सेटिंग बदललं नाही, तर कुठलाही सदस्य नाव बदलू शकतो. 'साइट-वाकड'चं दिवाळीत 'शुभ दीपावली' झालं की सुपरवायझर फोटो कुठे टाकणार? ग्रुपची माहिती फक्त अ‍ॅडमिनला बदलता येईल, असं सेटिंग आजच करून टाका. या लेखातला सगळ्यात स्वस्त सल्ला हाच.

नाव कसं रचायचं

चांगलं नाव हे पोस्टाच्या पत्त्यासारखं असतं. न विचारता माणूस तिथे पोचला पाहिजे. तीन भाग पुरतात, चौथा लागलाच तर.

पहिला भाग, जागेचा प्रकार. पाच-सहा शब्द ठरवा आणि त्यांच्या पलीकडे जाऊ नका: 'टीम' (कायमचा विभाग), 'काम' (सुरू होऊन संपणारं), 'मदत' (प्रश्न विचारायची जागा), 'सूचना' (फक्त वाचायची), 'ग्राहक' (बाहेरची माणसं असलेली), 'गप्पा' (बाकी सगळं). जिथे यादी अक्षरक्रमाने लागते, तिथे एका प्रकारच्या जागा आपोआप एकाखाली एक येतात. स्लॅकमध्ये असे पुढे लावायचे शब्द अ‍ॅडमिन आधीच ठरवून ठेवू शकतो.

दुसरा भाग, कोणाचं किंवा कुठलं. तिसरा भाग, नेमकं काय. चौथा भाग लागला तर वर्ष, आणि तेही फक्त संपणाऱ्या कामांना.

म्हणून 'कोथरूड फायनल'च्या जागी 'काम-कोथरूड-दवाखाना-2526'. शेवटचा आकडा म्हणजे 2025-26 हे आर्थिक वर्ष. आपल्याकडे बिलं, जीएसटी, ऑडिट सगळं एप्रिल ते मार्च चालतं, तेव्हा नावातलं वर्षही तेच असू द्या. 'टीम-लेखा'ला मात्र वर्ष लावू नका. लावलंत, तर दर 1 एप्रिलला तिचं बारसं करावं लागेल.

तारीख घालायचीच असेल, तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: 2025-07-14. उलटी लिहिलीत, तर 14 जुलै आणि 14 ऑगस्ट शेजारी बसतील आणि 15 जुलै लांब जाईल. क्रमांक द्यायचे तर 01, 02 असे द्या. नाहीतर बऱ्याच याद्यांमध्ये 1 नंतर 10 येतो आणि 2 मागे पडतो.

काय टाळायचं, हेही पाहा. 'नवीन' हा शब्द महिन्याभरात खोटा ठरतो. 'फायनल' तर पहिल्या दिवसापासून खोटा असतो. 'महत्त्वाचं', 'मिसलेनियस', 'जनरल 2' या शब्दांनी काहीच कळत नाही. माणसाचं नाव नको, कारण माणूस जातो आणि फोल्डर राहतो. आणि ज्या ग्रुपमध्ये ग्राहकाला किंवा पुरवठादाराला पाहुणा म्हणून घेणार, त्याचं नाव आधी ग्राहकाच्या डोळ्यांनी वाचा. 'ग्राहक-वसुली-कटकट' ही गंमत ऑफिसात चालते. पाहुण्याच्या पडद्यावर तेच नाव जसंच्या तसं दिसतं. पगारवाढ, नोकरकपात, एखाद्यावरची चौकशी यांचा सुगावा नावातून लागू देऊ नका. चर्चा गुप्त ठेवलीत आणि नावातून सगळं कळलं, तर गुप्ततेचा उपयोग काय?

लांबीचंही भान हवं. मोबाइलवर नावाची सुरुवातीची अक्षरंच दिसतात, म्हणून कंपनीचं नाव पुढे लावू नका. आपण कोणत्या कंपनीत आहोत हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेअरपॉइंटवर फोल्डरांची साखळी आणि फाइलचं नाव मिळून 400 अक्षरांची मर्यादा आहे. तीच फाइल विंडोजच्या संगणकावर उतरवली, की अनेक प्रोग्रॅम 260 अक्षरांच्या जुन्या मर्यादेवर अडतात. लांबलचक टीममध्ये लांबलचक फोल्डर आणि त्यात 'दवाखाना मजला एक विजेचं ड्रॉइंग सुधारित अंतिम' असली फाइल ठेवली, की एक दिवस ती उघडतच नाही आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. फोल्डर-फाइलच्या नावात तारका, प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तिरकी रेघ असली चिन्हंही शेअरपॉइंटला चालत नाहीत.

मराठीत ठेवावं का?

ठेवावंसं वाटणं साहजिक आहे. पण सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचं उदाहरण बघा आणि मग ठरवा.

तुमची एक शाखा कराडला आहे. कुणी 'कराड' लिहितं, कुणी 'कऱ्हाड'. रोमन लिपीतही दोन-तीन तऱ्हा. हा झाला डोळ्यांना दिसणारा घोळ. दुसरा डोळ्यांना दिसत नाही. 'कऱ्हाड'मधला तो अर्धा, चंद्रकोरीसारखा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका कीबोर्डवरून तो 'ऱ' या वेगळ्या अक्षराला हलंत जोडून येतो. दुसऱ्यावरून साध्या 'र'ला हलंत आणि पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह लागून येतो. छापलं, तर दोन्ही तंतोतंत सारखे. सॉफ्टवेअरने ही दोन रूपं एक मानली नाहीत, तर मात्र एकाने टाइप केलेलं 'कऱ्हाड' दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही आणि दोघंही शपथेवर सांगतात की मी बरोबरच लिहिलं होतं. आकड्यांचंही तेच: '२०२५' आणि '2025' ही संगणकाच्या लेखी वेगवेगळी चिन्हं.

तिसरी अडचण लिंकची. वेबपत्त्यात देवनागरी अक्षर गेलं, की त्याचं टक्के-चिन्हांच्या सांकेतिक भाषेत रूपांतर होतं आणि दर चिन्हाची 9 अक्षरं होतात. 'कऱ्हाड' म्हणजे क, ऱ, हलंत, ह, काना, ड अशी 6 चिन्हं. पत्त्यात ती 54 अक्षरं होतात. अशी लिंक ई-मेलमध्ये चिकटवली की ओळच्या ओळ टक्क्यांनी भरते आणि कुठेतरी मधेच तुटते.

म्हणून माझा सल्ला असा आहे. ज्या नावावरून पत्ता तयार होतो, ते नाव साध्या रोमन छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवा. त्याखाली वर्णनाची जागा असते. ती शुद्ध मराठीत, ऐसपैस भरा: 'कऱ्हाड शाखेचं रोजचं काम. बिलांचे प्रश्न इथे नकोत, ते मदत-लेखा वर विचारा.' वर्णन शंभरदा बदललं तरी खर्च शून्य. व्हॉट्सअ‍ॅपसाठी हा नियम सोडा, तिथे नावावरून पत्ता तयार होत नाही; नाव खुशाल मराठीत ठेवा.

गावाचं नाव बदललं तर?

2023 साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव; पाठोपाठ अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्या ऑफिसांत शाखेच्या ग्रुपला गावाचं पूर्ण नाव होतं, तिथे ते बदलण्याचं काम आलं. कुठे नवं नाव लिहिलं गेलं, कुठे जुनंच राहिलं, आणि शोधणाऱ्याला दोन्ही टाइप करून बघावं लागलं.

यावर एक देशी तोडगा आहे: गाडीच्या पाटीवरचा आकडा. संभाजीनगरचा 20, धाराशिवचा 25, अहिल्यानगरचा 16. गावांची नावं बदलली तरी पाट्यांवरचे आकडे तेच राहिले. पुण्याचा 12, पिंपरी-चिंचवडचा 14, नाशिकचा 15, कोल्हापूरचा 09 हे तर आपल्या पोराबाळांनाही पाठ असतात. 'टीम-15-विक्री' वाचून महाराष्ट्रातल्या माणसाला नाशिक कळतं, आणि शुद्धलेखनाचा वादच उरत नाही. बंगळुरूच्या सहकाऱ्याला मात्र 15 म्हणजे काय हे कळणार नाही. ऑफिस राज्याबाहेर पसरलेलं असेल, तर विमानतळांची तीन अक्षरी चिन्हं घ्या. मुंबईचं चिन्ह शहराचं नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी 'बीओएम'च आहे. कोणताही संच निवडा, पण न बदलणारा निवडा. हाच नियम ग्राहकांना लावा: त्यांच्या नावाऐवजी तुमच्या टॅलीतला किंवा बिलबुकातला खातेक्रमांक.

विकत काय घ्यावं, काय नाही

आता पैशांचा खरा प्रश्न. नियम पाळून घेणारं सॉफ्टवेअर मिळतं. मायक्रोसॉफ्टकडे ग्रुपच्या नावांचं धोरण लावायची सोय आहे. प्रत्येक नव्या नावाआधी किंवा नंतर ठरावीक शब्द किंवा विभागाचं नाव आपोआप लागतं आणि काही शब्द बंद करता येतात. 'फायनल'वर बंदी घालायची तर अशी. पण त्यासाठी एंट्रा आयडी पी-1 हे लायसन्स लागतं, तेही ग्रुपांत असलेल्या प्रत्येक माणसामागे. त्याचा अमेरिकेतला यादीतला दर 2025 साली माणशी महिना 6 डॉलर होता. डॉलर 90 रुपयांचा धरू. 40 माणसांचे 240 डॉलर, म्हणजे 21,600 रुपये. 18 टक्के जीएसटी 3,888. एकूण 25,488 रुपये महिना. वर्षाचे तीन लाखांच्या वर.

आपला तोटा किती होता? महिन्याला 10,000. दहा हजारांची गळती थांबवायला पंचवीस हजारांचा नळ कशाला बसवायचा?

दोन गोष्टी आधी तपासा. पहिली, हे लायसन्स तुमच्याकडे आधीच असेल. मायक्रोसॉफ्ट 365 बिझनेस प्रीमियममध्ये ते येतं. तुमचं बिल त्या योजनेचं असेल, तर धोरण आजच लावा, वेगळा पैसा पडणार नाही. दुसरी, नावाचं धोरण लावण्याऐवजी नवी टीम उघडण्याचा हक्कच मोजक्या लोकांना द्या. त्यासाठी लायसन्स लागतं ते फक्त ही व्यवस्था लावणाऱ्या अ‍ॅडमिनला आणि ज्यांना हक्क दिला त्यांना. एक अ‍ॅडमिन आणि तीन हक्कदार, म्हणजे 4 माणसं: 24 डॉलर, 2,160 रुपये, जीएसटी धरून सुमारे 2,549 रुपये महिना. तीच शिस्त दहाव्या हिश्शात. स्लॅकमध्ये नवी चॅनेल आणि गूगलमध्ये नवे शेअर्ड ड्राइव्ह कोण काढू शकेल, हे अ‍ॅडमिनला सेटिंगमधूनच ठरवता येतं.

ज्यांची जीएसटी नोंदणी आहे, त्यांनी त्या 18 टक्क्यांचं इनपुट क्रेडिट घेता येतं का, हे सीएला विचारावं. आणि दर बदलत असतात, विक्रेता भारतातल्या किमती वेगळ्या सांगू शकतो. ऑर्डर देण्याआधी कोटेशन लेखी घ्या.

एखादा सल्लागार 'गव्हर्नन्स' करून देतो म्हणाला, तर त्याला तीनच प्रश्न विचारा. नियम किती पानांचा असेल? जुनी नावं कोण बदलणार, तुम्ही की आम्ही? सहा महिन्यांनी नवी शाखा उघडली, तर तुम्हाला पुन्हा बोलवावं लागेल का? पहिल्याचं उत्तर एका पानापेक्षा जास्त आलं, तर चहा पाजून निरोप द्या.

जुना पसारा आवरताना

सगळं एका शनिवारी बदलायला जाऊ नका. सोमवारी अर्धं ऑफिस हरवलेलं असेल.

आधी यादी करा आणि तीन ढीग पाडा. मेलेल्या जागांना, म्हणजे जिथे सहा महिन्यांत कुणी फिरकलं नाही, नवं नाव देऊ नका. थेट संग्रहात टाका. स्लॅक आणि टीम्समध्ये ही सोय आहे. जिथे नाही तिथे नावापुढे दोन 'झेड' लावायची जुनी युक्ती चालते, ती जागा यादीच्या तळाशी जाते. पुसून टाकण्याची घाई नको. मायक्रोसॉफ्टमध्ये पुसलेला ग्रुप 30 दिवसांत परत आणता येतो, त्यानंतर गेला तो गेला.

दुसरा ढीग जुळ्यांचा. आमच्या तीन कोथरूडांसारखे. इथे नाव बदलण्याआधी कोणती जागा खरी, हे ठरवून दुसरीत एक ओळ लिहा, 'आता तिकडे या', आणि मग ती बंद करा.

तिसरा ढीग जिवंत पण वाईट नावांचा. स्लॅक, गूगल, व्हॉट्सअ‍ॅप असेल, तर बदला, खर्च फारसा नाही. टीम्स असेल, तर समोरचं नाव बदला आणि साइटचा पत्ता बहुतेक वेळा तसाच राहू द्या. तो फक्त बाहेरच्यांना लिंका जात असतील किंवा नाव खरंच लाजिरवाणं असेल, तरच बदलावा. दर वेळी वर्णनात महिनाभर 'आधीचं नाव अमुक' असं लिहून ठेवा. शोधणारा जुन्या नावानेच शोधतो.

तीन ऑफिसं, तीन बिलं

तासाचे 200 रुपये आणि एका जागेचं नाव बदलायला 10 मिनिटं धरून:

10 माणसांचं ऑफिस. चौघांची एक तास बैठक: 800 रुपये. 15 ग्रुप आणि फोल्डरांची नावं बदलायला अडीच तास: 500. लायसन्स: काही नको. एकूण 1,300, एकदाच.

40 माणसांचं ऑफिस. सहा जणांची दीड तास बैठक: 1,800. 60 जागांची नावं बदलायला 10 तास: 2,000. सगळ्यांना अर्धा तास समजावून सांगायला 20 तास: 4,000. एकूण 7,800. दहा हजारांची मासिक गळती यातून निम्मी जरी थांबली, तरी सुमारे दीड महिन्यात पैसे वसूल. टीम्सवर असाल आणि हक्क मोजक्यांना द्यायचा असेल, तर वरचे 2,549 रुपये दरमहा.

200 माणसांचं ऑफिस. इथे तोंडी शिस्त टिकत नाही. सगळे सगळ्यांना ओळखतच नाहीत. पी-1 लायसन्स वेगळं घ्यायचं, तर जीएसटीसकट महिना 1,27,440 रुपये. पण एवढ्या ऑफिसाकडे ते बहुधा दुसऱ्या कारणासाठी घेतलेलं असतंच. आयटीवाल्यांना आधी विचारा. नसेल, तर फक्त नावांसाठी घेऊ नका. सुरक्षेच्या सोयींसाठी घेणार असाल, तर नावाचं धोरण त्यात फुकट पडेल.

एका पानाचा नियम

भिंतीवर लावता येईल एवढंच लिहा:

1. नवी जागा उघडण्याआधी शोधा. आधीच आहे का?
2. पुढे प्रकार: टीम, काम, मदत, सूचना, ग्राहक, गप्पा. सातवा शब्द काढायचा तर विचारून.
3. प्रकार-कोणाचं-काय. संपणाऱ्या कामालाच आर्थिक वर्ष.
4. रोमन छोटी अक्षरं, इंग्रजी आकडे, मधे जोडरेघ. गावासाठी ठरलेला आकडा.
5. 'नवीन', 'फायनल', माणसाचं नाव: नाही.
6. वर्णन मराठीत, दोन ओळी. ही जागा कशासाठी आणि कशासाठी नाही.
7. काम संपलं की महिन्याच्या आत संग्रहात.
8. अडलं तर आत्याला विचारा.

आठवा नियम थट्टेचा नाही. बारशाला नाव सुचवणारे दहा जण असतात, पण बाळाच्या कानात ते सांगते एकटी आत्या. ऑफिसातही असा एकच माणूस नेमा, अ‍ॅडमिनचं पद नसलं तरी चालेल. आठवड्याला अर्धा तास त्याने नव्या नावांवर नजर फिरवायची, चुकलं तर त्याच दिवशी दुरुस्त करायचं. महिन्याचे दोन तास, 400 रुपये.

टाइल्सच्या प्रकरणानंतर आमच्या ऑफिसात हे काम अकाउंटवाल्या ताईंकडे गेलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा एक फोल्डर परत पाठवला. मी त्याला 'वाकड नवीन' असं नाव ठेवलं होतं.